वर्षभर पडून राहिलेली चौकट

पुढची चौकट उभी राहिल्याशिवाय पुंजाराम मिस्त्री भिंतीला हात लावत नसे. आधी चौकट, तिची पूजा, मग तिला धरून विटा. टेंभुर्णीत घरं अशीच बांधतात.

"वहिनी, शुक्रवारच्या मुहूर्ताला चौकट आली तर ठीक," तो म्हणाला. "न्हाई तर मी चाललो. एमआयडीसीत गोडाऊनचं काम बोलावून राह्यलं."

ज्योत्स्नानं बोटांवर महिने मोजले. मिस्त्री गेला म्हणजे दिवाळीपर्यंत पत्र्याच्या शेडमध्येच राहणं आलं. त्याच शेडमध्ये परवा लेकीच्या, ईश्वरीच्या गोधडीखाली विंचू निघाला होता. पोरीला नुकतेच पाय फुटलेले. तेव्हापासून ज्योत्स्ना रात्रभर बॅटरी घेऊन अंथरुणं झटकत होती.

नवरा भारत जालन्याला सळईच्या कारखान्यात, पाळ्यांमध्ये अडकलेला. म्हणून लाकूड शोधणं तिच्याच गळ्यात आलं. गावातल्या आरा मशीनवाल्यानं "लाकूड तुमचं आणा, चिरून आम्ही देतो" म्हणत हात झटकले. जालन्याच्या वखारीत सागवान होतं, पण चौकट मिळायला महिना. लोखंडी तयार मिळत होती, तर सासूबाई गिरिजाबाई आडव्या आल्या. "लोखंड मागच्या दाराला बसव. पुढचा उंबरा लाकडाचाच पाह्यजे. लक्ष्मी काय पत्र्यावर पाय देऊन येती?"

शेवटी पोरीला काखेत मारून ती जीपनं जाफराबादला रामप्रसादच्या वखारीत गेली.

"हा घ्या कडुनिंब. उद्या चौकट करून देतो, बिलकुल."

तिनं फळीवर तळहात ठेवला. गार लागली. "ओली आहे ही."

"घरात वाळंल की."

"वाळेल आणि वाकेल. मग दार लागायचं नाही."

"ताई, शिक्षण किती तुमचं?"

"बीएस्सी."

"तरीच. लाकडाचा ताप बघून राह्यल्या."

तिला हसू आलं नाही. उभं राहून पाय भरून आले होते. तेवढ्यात भुशाच्या ढिगामागं भिंतीला टेकवलेली चौकट दिसली. कडुनिंबाचीच, पण खडखडीत वाळलेली, कुठं चीर नाही. उंबऱ्यावर हळदीकुंकवाची बोटं सुकून गेलेली.

"ही कोणाची?"

"होती एकाची. इथंच पूजा करून गेल्ते. मंग न्यायला आलेच न्हाईत. वरीस झालं." रामप्रसाद बोलता बोलता मशीनचा पट्टा चाचपायला लागला.

पोरीला लस टोचायच्या आधी नर्सकडून बाटली मागून तारीख वाचणारी ज्योत्स्ना. का आले नाहीत, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण एकदा विचारलं की उत्तर ऐकावं लागणार, आणि ऐकल्यावर ही चौकट नेता येणार नाही. ईश्वरी खांद्यावर डोळे चोळत होती. तिच्या मानेवर घामोळं फुललेलं.

"माप बघू," ज्योत्स्ना म्हणाली.

माप बरोबर निघालं. पोरीच्या बाटलीतलं पाणी ओतून, तिच्याच लंगोटानं तिनं उंबरा पुसला. पिवळेपणा काही पूर्ण जाईना.

टेम्पोतून उतरवलेल्या चौकटीवरून गिरिजाबाईंनी हात फिरवला. बोट उंबऱ्याच्या खाचेत थांबलं, तिथं जुनी हळद उरली होती. "कोण्या घरची?"

"भावाभावांची वाटणी झाली म्हणे. बांधकाम राहिलं."

"कोणी मेलंबिलं न्हाई ना?"

"नाही."

"तू विचारलं?"

"विचारलं."

गिरिजाबाईंनी बोट पदराला पुसलं. मग म्हणाल्या, "जा, पड जरा. तोंड बघ कसं झालं."

शुक्रवारी मिस्त्रीनं दोन बल्ल्यांचा टेकू देऊन चौकट उभी केली. दोन्ही बाजूंना अजून मोकळं रानच. कुणीही वळसा घालून आत गेलं असतं. गिरिजाबाईंनी उंबऱ्यावर हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला.

"ये, लेकराला घेऊन आत ये," त्या म्हणाल्या.

ज्योत्स्ना चौकटीपाशी आली आणि थांबली. नव्या हळदीखाली जुना पिवळेपणा दिसत होता. तिनं ईश्वरीला सासूबाईंच्या हातात दिलं.

"धरा जरा, आई. हात भरून आलेत."

आणि ती एकटीच उंबरा ओलांडून आत जाऊन उभी राहिली. पोरगी पलीकडून हात पसरून रडायला लागली. ज्योत्स्ना तिला घ्यायला लगेच वळली नाही. गिरिजाबाईंनीही पोरीला पुढं केलं नाही. छातीशी धरून त्या उंबऱ्याच्या अलीकडंच थांबल्या.