कमरेच्या हाडांचा तक्ता

माहिती ही राष्ट्राची खरी संपत्ती आहे आणि ती गोळा करायला शिकलेलं मूल उद्या देश घडवील. हे वाक्य तिसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात पहिल्याच पानावर आहे. आमच्या शाळेत त्या पुस्तकाच्या तीन प्रती आल्या. एक मुख्याध्यापिका सायराकानबाईंच्या कपाटात कुलूपबंद झाली, दुसरीवर शिपाई गरम किटली ठेवू लागला, आणि तिसरी ऐझिरेकला मिळाली. देश घडवण्याचं काम अशा रीतीने तिच्या अंगावर पडलं.

ऐझिरेक तिसरीची शिक्षिका. वय सव्वीस, नेमणूक एका वर्षाची. मार्चमध्ये तालुक्याचा तपासनीस येऊन तिचा एक पाठ बघणार, आणि पाठ चांगला उतरला तर ती कायम होणार, नाहीतर बिश्केकच्या कपडाबाजारात जाऊन आईशेजारी मोजे विकणार, असं ठरलेलं होतं. सायराकानबाईंची भाची शिक्षिकेचं प्रमाणपत्र घेऊन नुकतीच घरी बसली होती. त्यामुळे शाळेत ऐझिरेकच्या पाठाची सगळ्यांना फार काळजी होती.

पुस्तकातला पाठ सोपा होता. वर्गातल्या मुलांना आवडतं फळ विचारा, आकडे लिहा, तक्ता काढा, तक्ता काय सांगतो ते बोला. फळं तीन: सफरचंद, केळं आणि किवी. आमच्या खोऱ्यात किवी एकदाच आली होती, तेव्हा लोकांनी ती उकडून पाहिली.

"मुलांनी जे पाहिलंय तेच मोजायला दिलं पाहिजे, अगाई," ऐझिरेक मला म्हणाली. शाळेतल्या पुरुष शिक्षकांना सगळे अगाई म्हणतात. मी इतिहास शिकवतो.

"मग सफरचंदं मोज," मी म्हणालो.

"सगळ्यांना सफरचंदच आवडतं. तक्त्यात एकच रकाना येईल."

"एकाच रकान्यावर आपल्याकडे माणसं निवडून येतात," मी म्हणालो. पण तिने ऐकलं नाही. ती शिकलेली होती आणि तिचा शिक्षणावर विश्वास होता. हे दोन्ही एका माणसात सहसा सापडत नाही.

रविवारी पंचायतीचे प्रमुख तोक्तोरबाय यांच्या नातवाला पाळण्यात घातलं होतं आणि अख्खं गाव जेवून आलं होतं. आमच्याकडे मेजवानीत मटण नुसतं खात नाहीत. प्रत्येक पाहुण्यापुढे त्याच्या वयाप्रमाणे आणि वजनाप्रमाणे एक हाड येतं. कमरेचं हाड सर्वांत मानाचं, त्याच्याखाली पायाचं, आणि तळाला फासळी. फासळी म्हणजे, तुम्ही आल्याचं आम्ही पाहिलं. मी पन्नाशीचा आहे, विद्यापीठात शिकलो आहे, आणि मला फासळी मिळते. पाहुणा आपलं हाड अर्धवट खातो आणि उरलेलं पिशवीत घालून घरी नेतो, कारण घरी मुलं वाट बघत असतात. म्हणजे कोणाच्या घरी कोणतं हाड आलं हे गावात फक्त दोघांना नक्की माहीत असतं: वाढणाऱ्याला, आणि तिसरीतल्या मुलाला.

सोमवारी ऐझिरेकने मुलांना एवढंच विचारलं की, काल घरी कोणतं हाड आलं. मुलांनी एकेक करून येऊन जमिनीवर आपापल्या घराच्या नावाने मेंढीचा एक घोटा, म्हणजे खेळायला खिशात असतं ते घोट्याचं हाड, मांडला. तीन रांगा झाल्या. कमरेची हाडं तीन, पायाची चार, फासळ्या सात. ऐझिरेकने ते वहीत उतरवलं आणि उद्या मोठ्या कागदावर तक्ता काढू, असं सांगून मुलांना घरी सोडलं. गावात सगळ्यात लांबची रांग फासळीवाल्यांची आहे, हे त्या मुलांच्या आधी कोणी जमिनीवर मांडून पाहिलं नव्हतं.

मुलांनी घरी जाऊन हे सांगितलं. आम्ही त्यांना सांगायला शिकवतो.

तुरगुंबाय ट्रॅक्टर चालवतो. चव्वेचाळीस वर्षांचा आहे, आणि लग्न झाल्यापासून बायकोला सांगत आला आहे की, मला कमरेचंच हाड वाढतात. बायको ते ऐकत आली होती आणि पिशवीतली फासळी सुरीने सोलत आली होती. ते घर त्यावर चाललं होतं. सोमवारी त्याच्या मुलाने, अदिलेतने, जेवताना सांगितलं की, आपला घोटा फासळीच्या रांगेत होता. त्या वेळी घरात तुरगुंबायची सासू बसलेली होती.

मंगळवारी सकाळी तुरगुंबाय शाळेच्या दारात उभा होता. बरोबर आणखी पाच बाप होते. ते पुढे सरकत होते.

"काय गं मुली, माझ्या ताटात काय पडलं ते तुला कशाला पाहिजे?"

"माहिती गोळा करायला शिकवतेय, बाइके," ऐझिरेक म्हणाली. मोठ्या भावाला म्हणतात तसं.

"माहिती पोलीस गोळा करतात."

"तिसरीच्या पुस्तकातच आहे."

"पुस्तकात माझी फासळी आहे?"

"तुझी फासळी होती हे तूच सांगितलंस, सगळ्यांसमोर," मागून कोणीतरी म्हणालं.

"मी म्हटलं, पुस्तकात आहे का. होती असं म्हटलं नाही." तुरगुंबाय मागे वळला. "आणि तू रे, एसेनकुल? तुझ्या पिशवीत काय होतं? अख्खी मेंढी?"

"माझ्या पिशवीत काय होतं ते तुझ्या सासूला विचार. सगळं तिलाच कळतं म्हणे."

आवाज ऐकून सायराकानबाई बाहेर आल्या. त्यांनी बापांना आधी चहा विचारला आणि मग त्यांच्यासमोर ऐझिरेककडे वळल्या.

"सफरचंद, केळं, किवी. तीन रकाने छापून दिलेत. तुला काय कमी पडत होतं?"

"एजे," ऐझिरेक म्हणाली, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं, "मुलांनी किवी पाहिलेली नाही."

"त्यांनी अध्यक्षही पाहिलेले नाहीत. चित्र काढतात ना?" बाई म्हणाल्या. "परवा तपासनीस येतोय. काय तमाशा दाखवणार आहेस तो दाखव. पालकांनाही बोलावते मी. आपण सगळेच बघू."

मंगळवारी वर्ग भरला तेव्हा मुलं नवी माहिती घेऊन आली होती. सहा मुलांनी हात वर केले. एकाने सांगितलं की काल आपली चूक झाली. दुसऱ्याने सांगितलं की आजीने हाड नीट पाहिलं. अदिलेतने काही कारण दिलं नाही. उठून आपला घोटा कमरेच्या रांगेत सरकवला आणि जागेवर जाऊन भिंतीकडे बघत बसला. त्याचा एक कान लाल होता.

ऐझिरेकने कोणालाच खोटं ठरवलं नाही. "ज्याने जे सांगितलं ते लिहायचं," ती म्हणाली आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता काढून घेतला. कमरेची नऊ, पायाची चार, फासळी एक. एकुलती फासळी झीपारची. झीपारला बाप नाही. तिची आई मेजवान्यांत आतडी धुवायला जाते, आणि तिला जे देतात ते ती घरी आणते. तिचा घोटा सरकवायला कोणी आलं नाही.

संध्याकाळी मी ऐझिरेकला म्हणालो, "हा तक्ता खोटा आहे."

"माहीत आहे."

"तपासनिसापुढे खोटा तक्ता लावणार?"

"खरा लावला तर सहा बाप मला मारतील. खोटा लावला तर निदान लावू तरी देतील."

"आणि किवीचा लावलास तर?"

"तोही खोटाच," ती म्हणाली.

गुरुवारी तपासनीस आला. कुलमुर्झायेव नाव, पाठीचा त्रास, शिवाय रस्ता वाईट. पालक मागच्या भिंतीला लागून उभे राहिले. त्यांना बसायला बाकं होती, पण बसलं की सगळे सारखे दिसतात. तुरगुंबाय बरोबर मध्ये होता, टोपी नवी. सायराकानबाई दाराशी होत्या, म्हणजे काही झालं तर त्या तिथे नव्हत्या असं म्हणता आलं असतं.

मुलांनी माहिती कशी गोळा केली ते सांगितलं. तक्ता दाखवला. नऊ चौकोनांचा मनोरा, चारांची पायरी, आणि कोपऱ्यात एक चौकोन. बापांनी मनोऱ्याकडे पाहिलं आणि एकमेकांकडे पाहिलं नाही.

"छान," तपासनीस म्हणाला. "आता हा तक्ता आपल्याला काय सांगतो?"

मग पहिल्या बाकावरचा एक म्हणाला, "आमच्या गावातली माणसं फार मोठी आहेत."

मागे दोघातिघांनी माना हलवल्या.

"आणखी?"

झीपार उभी राहिली. "मेंढ्या तीन कापल्या होत्या. माझ्या आईने तिन्हींची आतडी धुतली. एका मेंढीला कमरेची हाडं दोन. म्हणजे सहा."

"बस खाली," सायराकानबाई दारातून म्हणाल्या.

"बोलू द्या," तपासनीस म्हणाला. "सहा. मग?"

"तक्त्यात नऊ आहेत. आणि सहांतली तीन म्हाताऱ्यांना वाढली. त्यांच्या घरचं कोणी या वर्गात नाही. म्हणजे आमच्या वर्गात तीनच यायला पाहिजेत."

"म्हणजे काय झालं?"

"सहा घरं खोटं सांगतायत," झीपार म्हणाली. "कोणती सहा ते तक्त्यावरून कळत नाही." आणि ती बसली.

ते मात्र वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"आतडी धुणाऱ्यांची पोर आता आमचा हिशेब करणार," तुरगुंबाय मागून म्हणाला. फार मोठ्याने नाही, सगळ्यांना ऐकू जाईल एवढंच.

"तुमचं नाव तिने घेतलेलं नाही," ऐझिरेक म्हणाली.

"घ्यायचं काय बाकी ठेवलंय? तू शिकवून आणलीस तिला."

"शिकवलं तर आहेच. ते माझं कामच आहे, बाइके."

एसेनकुल हसला. तुरगुंबायने त्याची कॉलर धरली, नवी टोपी खाली पडली, आणि पुढची पाच मिनिटं मुलांनी जी माहिती गोळा केली ती पुस्तकात नाही. मी मध्ये पडलो. मला कोपर लागलं. कोणाचं ते सांगत नाही, मलाही याच गावात राहायचं आहे.

तपासनिसाने मात्र वहीत बराच वेळ लिहिलं. "वीस वर्षं पाठ बघतोय," तो ऐझिरेकला म्हणाला. "तक्त्यावरून काय कळतं ते सगळे सांगतात. काय कळत नाही ते आज पहिल्यांदा ऐकलं." शेरा त्याने दिला: अत्युत्तम. तालुक्याला आदर्श पाठ म्हणून कळवू, असंही म्हणाला. मग तो सायराकानबाईंकडे जेवायला गेला. तिथे त्याला कमरेचं हाड वाढलं. ते त्याने निमूटपणे पिशवीत घातलं.

पुढचा आठवडाभर ऐझिरेकशी गावात कोणी बोललं नाही. दुकानदार ब्रेड तिच्या हातात न देता फळीवर ठेवू लागला. तिच्या अंगणातला शेण्यांचा ढीग कोणीतरी पाणी ओतून भिजवला. झीपारच्या आईला पुढच्या दोन मेजवान्यांना बोलावणं आलं नाही. पण ऐझिरेक खुशीत होती. शेरा कागदावर होता, आणि कागदावरचं कोणी भिजवू शकत नाही, असा तिचा समज होता. तिने खोलीसाठी नवी चूल सांगून ठेवली.

त्यानंतरच्या सोमवारी तुरगुंबाय अदिलेतला घेऊन शाळेत आला. दाखला मागितला. मुलगा आता शेजारच्या गावी आजोळी राहील, तिथल्या शाळेत सफरचंदं मोजतात, म्हणाला.

"बाइके, त्याचं वर्ष मोडेल," ऐझिरेक म्हणाली.

"माझं काय मोडलंय ते मोजलंस का?"

सायराकानबाईंनी दाखल्यावर सही केली. शाई लगेच वाळली.

एप्रिलमध्ये तालुक्याचं पत्र आलं. पाठाबद्दल अभिनंदन होतं. खाली लिहिलं होतं की तिसरी आणि चौथी एकत्र करण्यात येत आहेत आणि दोन्ही वर्ग चौथीच्या शिक्षिका घेतील. स्वतंत्र वर्गाला निदान चौदा मुलं लागतात. तिसरीत तेरा होती.