अंधाराचं भ्या

फाशीचा शब्द रंगूबाईच्या तोंडात गावानं घातला, असं कुणी म्हणालं तर त्याच्या कानाखाली आधी रंगूबाईच वाजवील. तो शब्द तिचा स्वतःचा होता. तिची लेक जया आणि जयाची चार वर्षांची धनश्री, माहेरी आलेल्या दोघींना भरदुपारी रंगूबाईच्याच घरात शिरून मारलं होतं. मारणारा अंगद, शेजारच्या छबूबाईचा मुलगा. कशासाठी, तर मंगळसूत्र आणि पेटीतले दागिने. पेटीची किल्ली देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात असते, हे त्याला कुणाला विचारावं लागलं नाही. आणि ओळखणारं माणूस मागं राहायला नको म्हणून त्यानं त्या पोरीलाही सोडलं नाही. ती त्याला मामा म्हणायची हो!

कोर्टानं फाशी सांगितली त्या दिवशी गावात फटाके वाजले. रंगूबाईला त्याचा राग आला नाही. हातावर ठेवलेला पेढा मात्र तिनं पदरात बांधून घरी आणला आणि शेळीला घातला.

तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला मारुतीसमोर मांडव पडतो. सरपंच गहिनीनाथ स्वतः जीप घेऊन वस्तीवर येतो, रंगूबाईला मानानं खुर्चीत बसवतो आणि हातात माईक देतो. तिचं एकच वाक्य असतं, "त्याला लटकलेला बगितल्याबिगर मी मरायची न्हाई." टाळ्या पडतात, घोषणा होतात. मग जीप तिला वस्तीवर सोडते आणि गेली की वर्षभर फिरकत नाही.

माणसं वाईट नव्हती, उगाच का बोला. पण ती नळावर आली की हसणाऱ्या बायका गप्प व्हायच्या. हळदीला बोलवायचे ते तोंडदेखलं, आणि तिनं येऊ नये अशी मनात इच्छा. नवरा बन्सी आधीच गेलेला. समोर छबूबाईच्या घराला कुलूप, ती निकालानंतर वर्षभरात खंगून मेली. घरात रंगूबाई, दोन शेळ्या आणि भिंतीवर लेकीचा फोटो. एवढंच असतं तरी तिनं रेटून नेलं असतं. पण तिला जया धड आठवताही येत नव्हती. लहानपणीची जया आठवायला बसावं, तर तिच्या शेजारी तो मेला अंगद येऊन बसायचाच. मग रंगूबाई ताडकन उठायची, काहीतरी भांडं घासायला घ्यायची. घासून घासून तिची भांडी झिजली असतील.

यंदा मांडवाच्या आदल्या दिवशी गावात एक बाई आली. राजेश्वरी नाव, पुण्याची. अंगदच्या वकिलांच्या बाजूनं काम करणारी. फाशी कायम करण्याआधी माणूस कसा वाढला, कुणी वाढवला, हे हायकोर्टाला बघावं लागतं, म्हणून ती ते गोळा करत फिरत होती. गावानं तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. चहाच्या टपरीवर एकजण टोमणा मारून बोलला, "त्याला कुनी वाढवला ते पायजे व्हय? मग जा की रंगूबाईकडं!" सगळे हसले. राजेश्वरी मात्र खरंच वस्तीची वाट विचारत आली.

कोणाकडची आहे हे कळल्यावर रंगूबाईनं हातातला खराटाच उगारला.

"तुला लाज न्हाई वाटत? माझ्या दारात त्याचं नाव घेतीस?"

"वाटते, मावशी," ती पोरगी म्हणाली. "रंगूबाई म्हणजे जयाताईंची आई, हे आधी माहीत असतं तर मी आले नसते. जाते मी."

आणि खरंच निघाली. उन्हानं तिचा चेहरा लालबुंद झाला होता. रंगूबाईनं पाहिलं आणि स्वतःवरच चिडून ओरडली, "थांब! पानी पिऊन मर कुटं मरायचं ते!"

पाणी पिताना राजेश्वरीची नजर फोटोवर गेली. "जयाताई लहानपणी कशा होत्या?" तिनं विचारलं.

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. जया कशी मेली हे पोलिसांनी विचारलं, वकिलांनी विचारलं, मोबाईल घेऊन आलेल्या पोरांनी विचारलं. कशी होती, हे कुणीच नाही. रंगूबाई भिंतीला टेकून बसली.

"लई द्वाड," ती म्हणाली. "दूध सोडायचं नाव घेईना. दीड वर्साची झाली तरी. तवाच तर छबूनं..."

ती थांबली. मग बोलतच सुटली, कारण आता थांबणं तिच्या हातात राहिलं नव्हतं. छबू आणि तिचा नवरा दसरा झाला की ऊसतोडीला श्रीगोंद्याकडं जायचे ते पाडव्याला परतायचे. उसाच्या फडातल्या झोपडीत, कोपीत, थंडीनं छबूची आधीची दोन लेकरं गेली होती. तिसऱ्याला, म्हणजे अंगदला, तिनं रंगूबाईच्या मांडीवर आणून ठेवलं आणि मागं न बघता ट्रॅक्टरमध्ये बसली.

"एका अंगाला जया, एका अंगाला त्यो. दोगंबी दूध वढायची. पुढं सात-आठ वर्सं दर थंडीला माझ्याकडंच. रातच्याला वीज नसायची, आन् त्याला अंधाराचं लई भ्या. चिमणी इझली का अंगभर कापायचा, आये आये करायचा. सगळ्या रात चिमणी ठेवायची कुटून? रॉकेल काय माझा बाप देत हुता? मग जया त्याचं बोट धरायची. म्हनायची, आये, आता इझव, म्या धरलाय त्याला." रंगूबाईला हसू फुटलं. "एवढुशी हुती! तरी दादागिरी किती."

हसता हसता तिच्या लक्षात आलं, की आपण त्याच्याबद्दल बोलतोय. त्याच बोटांनी त्यानं काय केलं ते तिनं दवाखान्यात चादर उचलून पाहिलं होतं.

रंगूबाईनं पाण्याचा रिकामा तांब्या जवळ ओढला. मग तिनं विचारलं, "फाशी देतेवेळी तोंडावर काळं कापड घालत्यात म्हनं. खरं हाय का?"

"हो, मावशी."

"डोळ्यावरनं?"

"हो. सगळा चेहरा झाकतात."

रंगूबाईनं पदर तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"हे मी कोर्टात सांगू का?" राजेश्वरीनं हळूच विचारलं. "तुम्ही नको म्हणालात तर कुठेच सांगणार नाही. आणि यानं फाशी टळेलच असंही नाही."

"टळावी असं कुटं म्हनले मी? अजून वाटतं, समोर आला तर दगडानं ठेचीन." तिचा आवाज चिरकला. "पर जजानं शिक्षा ठरवताना त्याला ह्ये ठावं असूं दे. सांग. नाव लाव माझं. जयाची आई म्हनूनच लाव."

असल्या गोष्टी गावात किती वेळ लपतात? संध्याकाळ व्हायच्या आत गहिनीनाथ वस्तीवर हजर. आत आला नाही, उंबऱ्याबाहेरूनच बोलला.

"काकू, त्या बाईला तुमी काय सांगितलं?"

"जेवढं खरं हुतं तेवढं."

"आख्खं गाव तुमच्यापायी उन्हातान्हात बसतंय, आन् तुमी त्या हरामखोराच्या बाजूनं? वर जयाला काय तोंड दाखवनार तुमी?"

हा घाव वर्मी लागला. रंगूबाईनं दाराची चौकट धरली.

"गहिनी, त्याला फाशी द्या म्हनायला तुमी सगळे हायेत, बाबा. तुमी म्हना. माझं बी मन अजून तेच म्हनतंय. पर त्यो माझ्या अंगावर पिऊन वाढला, ह्ये सांगायला माझ्याबिगर कोन उरलंय? छबू बी मेली."

गहिनीनाथ जीप वळवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच न्हाली, पांढरं लुगडं नेसली आणि ओट्यावर येऊन बसली. ऊन डोक्यावर आलं. जीप आली नाही. मारुतीकडून भोंग्याचा आवाज मात्र वाऱ्यावर स्वच्छ येत होता. जयाचं नाव घेऊन कुणीतरी नवीन माणूस भाषण करत होता, छान बोलत होता. घोषणा सुरू झाल्या तशी सवयीनं रंगूबाईची मूठ वर गेली.

वर गेली ती तिथंच राहिली. तोंडातून फाशीचा शब्द निघेना. मग हात खाली घेऊन ती मोठमोठ्यानं रडली. जयासाठी रडली, धनूसाठी रडली. आणि मग त्याच्यासाठीही रडली, "अंगद्या, मुडद्या, का केलंस रं असं," म्हणत, आणि त्याच्यासाठी रडू येतं म्हणून स्वतःलाच शिव्या घालत राहिली. ऐकायला शेळ्यांशिवाय कुणी नव्हतं.