बिनखाडाखोडीची ढाल

अकरा जणांना सांगितलं होतं मी. मोजून अकरा. शिंपीण आहे, मापात चुकत नाही.

आमच्या ह्यांच्या छातीत कफ साठला, ताप चार दिवस उतरेना, म्हणून मोठ्या दवाखान्यात भरती केलं. जन्मभर बस चालवलेला माणूस. तापात पलंगाची दांडी धरून वळणं घेत होता. त्यांना कोण काय विचारणार? म्हणून मीच दिसेल त्याला सांगत सुटले, की यांना पेनिसिलिन चालत नाही. वीस वर्षांपूर्वी एकदा दिलं होतं, तर तोंड सुजून भोपळ्याएवढं झालं आणि श्वासच अडकला. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा दिलंत तर माणूस हाती लागायचा नाही.

खिडकीवरचा कारकून म्हणाला, "वॉर्डात सांगा." वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर "हो हो" म्हणत मान हलवत राहिला आणि भलतंच काहीतरी लिहीत राहिला. निदान मनगटाला तो अ‍ॅलर्जीचा लाल पट्टा तरी बांधा म्हटलं, तर वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, पट्टे संपलेत, मागणी पाठवलीय. कधी? तर गेल्या वर्षी!

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर ट्रे घेऊन आल्या. कसलं इंजेक्शन म्हणून विचारलं, तर पेनिसिलिन. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो सिस्टर, यांना ते चालत नाही!"

त्यांनी शांतपणे फाइल उघडली. "इथे तर लिहिलंय, अ‍ॅलर्जी नाही."

"मी बायको आहे त्यांची. समोर उभी राहून सांगतेय, आहे म्हणून!"

"पण फाइलमध्ये नाही ना."

"मग खोडा ते, आणि नीट लिहा."

खोडा म्हटल्याबरोबर सिस्टरचा चेहरा पांढरा पडला. मोठ्या सिस्टर टेबलावरून उठून धावत आल्या. त्यांनी मला भिंतीवरची ढाल दाखवली. चांगली पितळेची, रोज पुसलेली. सगळ्या दवाखान्यात ज्या वॉर्डाच्या फाइली स्वच्छ, त्या वॉर्डाला ती मिळते म्हणे.

"तीन महिने एकाही फाइलीत खाडाखोड नाही, बाई. सोमवारी तपासणी आहे. हा महिना निभावला की ढाल कायमची आमची."

"आणि माझा नवरा?"

"ज्यांनी लिहिलं त्या डॉक्टरांनाच दुरुस्ती करता येते. ते बहिणीच्या लग्नाला गेलेत. सोमवारी येतील."

म्हणजे सोमवारपर्यंत आमच्या ह्यांनी आपली जबाबदारी आपणच घ्यायची!

मोठे डॉक्टर फेरीला आले, ते भले माणूस. ऐकून म्हणाले, "मग दुसरं औषध द्या," आणि पुढच्या पलंगाकडे गेले. दुसरं औषध सलाइनमधून सुरू झालं. पण पहिलं रद्द कोण करणार? रद्द म्हणजे काट मारायची, आणि काट म्हणजे खाडाखोड. त्यामुळे कागदावर दोन्ही राहिली. दुसरं नळीतून जायचं, आणि पहिलं रोज सकाळी ट्रेमधून यायचं. मी हात आडवा घालायचा, त्यांनी परत न्यायचं.

मी काही चोवीस तास हात आडवा घालून बसू शकत नव्हते. शेवटी पिशवीतून सुई आणि लाल दोरा काढला आणि आमच्या ह्यांच्या अंगातल्या दवाखान्याच्या सदऱ्यावर, बरोबर छातीवर, साखळी टाक्यानं घातलं: यांना पेनिसिलिन देऊ नका. जीव जाईल.

काय सांगू, त्या वॉर्डात सगळ्यांना वाचता येईल असं तेवढं एकच अक्षर होतं. सिस्टर यायच्या, छाती वाचायच्या, ट्रे फिरवायच्या. मोठे डॉक्टर हसून म्हणाले, "वा, टाके किती सारखे आहेत हो!" म्हटलं, डॉक्टर, टाक्यांचं कौतुक राहू द्या, फाइलीत लिहा. ते म्हणाले, "लिहितो की," आणि गेले. पालथ्या घड्यावर पाणी.

शनिवारी सकाळी आंघोळीपुरती घरी गेले. तेवढ्यात मावशींनी आमच्या ह्यांचं आणि शेजारच्या पलंगावरच्या गणिताच्या मास्तरांचं अंग एकदमच पुसून घेतलं. दोघांचे सदरे एकाच खुंटीवर. पुसून झाल्यावर ह्याचा त्याला आणि त्याचा ह्याला. आणि मी शहाणी! उभा जन्म गिऱ्हाइकांचे कपडे बदलू नयेत म्हणून आतून खुणेचा दोरा घालणारी, पण हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

परत आले तर मास्तरांच्या छातीवर माझी लाल अक्षरं. त्यांना तोच आजार, त्यांना पेनिसिलिन हवंच होतं, आणि ते नेमकं नाकारलेलं. आणि इकडे आमच्या ह्यांच्या दंडावर कापूस फिरवून झालेला, सुई टेकायच्या बेतात. सिस्टर नवीन होती, त्याच दिवशी दुसऱ्या वॉर्डातून आलेली.

मी ओरडले, ते खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. तिचा हात धरला. तिनं फाइल दाखवली, मी मास्तरांचा सदरा दाखवला. पोरीनं सुई ट्रेमध्ये परत ठेवली. मग मास्तरांची फाइल उघडली. तिथे सकाळीच कुणीतरी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं: पेनिसिलिन देऊ नये. तीन दिवस आमच्या फाइलीत लिहायला हात धजत नव्हता, आणि मास्तरांच्या फाइलीत सदरा वाचून लिहिलं! मोकळी ओळ होती ना तिथे. खोडावं लागलं नाही.

तिनं खिशातून पेन काढलं.

"अगं, थांब! सोमवारी तपासणी आहे!" मोठ्या सिस्टर टेबलावरूनच ओरडल्या.

तिनं आमच्या फाइलीतल्या 'नाही'वर सरळ काट मारली आणि वर मोठ्ठं 'आहे' लिहिलं. पेनिसिलिनवर दुसरी काट. मग मास्तरांच्या ओळीवर तिसरी. प्रत्येकीखाली सही, तारीख, वेळ. पेन कागदातून आरपार गेलं एके ठिकाणी. मास्तरांना तेव्हाच इंजेक्शन मिळालं, आणि मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडू आलं.

सोमवारी ढाल वरच्या वॉर्डात गेली. लग्नाहून परतलेल्या डॉक्टरच्या अक्षराचं तपासणीवाल्यांनी कौतुक केलं म्हणे. आणि या पोरीला मिळाली नोटीस: तीन ठिकाणी खाडाखोड केल्याचा लेखी खुलासा द्यावा. चोर सोडून संन्याशाला फाशी!

परवा ती दुकानात आली, नोटिशीचा कागद घेऊन. तोंड उतरलेलं. आमचे हे माझ्या बाजूला बसून बटणं निवडत होते. बस सुटली, आता बटणं चालवतात. तिला पाहून उठले आणि स्वतःची खुर्ची दिली.

"काय लिहू, काकू?" ती म्हणाली. "कारणाचा रकाना बघा ना केवढासा आहे. दोन शब्द मावतील फार तर."

मी ह्यांच्याकडे बघितलं. पांढरी बटणं एका डबीत, काळी दुसऱ्या डबीत टाकत होते.

"पुष्कळ झाले," म्हटलं. "लिही, माणूस वाचला."