एक तास पन्नास मिनिटं

प्रवासाच्या वेबसाइटसाठी दिवसाला साठ पानं लिहायची, म्हणजे शहरांच्या साठ जोड्या. दोन विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर काढायचं, विमानाच्या वेगाने भागायचं, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा आणि पुढच्या जोडीला हात घालायचा. चार वर्षं हेच करून तिची मान आणि डोळे कामातून गेले होते. तिचं शहर आणि बाबांचं शहर ही जोडीही तिनेच कधीतरी उरकली होती. एक हजार ऐंशी किलोमीटर, एक तास पन्नास मिनिटं. त्या चार वर्षांत ती बाबांकडे एकदाही गेली नव्हती. रजा मिळत नव्हती हे खरं, आणि तिने ती मागितली नव्हती हेही तितकंच खरं.

बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली, तेव्हा मात्र तिला मागावीच लागली. बाराच्या आत घरच्या माणसाने सही केल्याशिवाय दवाखाना ऑपरेशनला हात लावणार नव्हता. साहेबांनी दात उपटून दिल्यासारखी एक दिवसाची रजा दिली.

"आठचं विमान आहे," तिने बाबांना फोनवर सांगितलं. "दहापर्यंत पोचते. तुम्ही थेट दवाखान्यातच जाऊन बसा."

जगाला दिलेल्या आकड्यावर ही शहाणी स्वतःच विसंबली. पहाटे पाचला घर सोडलं, तपासणीच्या रांगेत पायांचे तुकडे पडले, आणि विमान धावपट्टीच्या तोंडाशी पाऊण तास ढिम्म उभं राहिलं. बाबांच्या शहराच्या विमानतळाच्या कोडची तीन अक्षरं तिला पाठ होती, पण तो शहरापासून पन्नास किलोमीटर लांब आहे हे तिला उतरल्यावर कळलं. बस भरेपर्यंत हलेना. ती दवाखान्यात पोचली तेव्हा सव्वा वाजला होता.

"डॉक्टर गेले," नर्सबाई म्हणाल्या. "आजोबा दहापासून दाराकडे डोळे लावून बसलेत. आता दोन महिन्यांनी तारीख मिळेल."

बाबा बाकावर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पोटात सकाळपासून काही नाही, आणि डोळ्यांत औषध घातल्यामुळे समोरचं सगळं धूसर. तिचा आवाज ऐकून ते हसले.

"अगं, तुझी काय चूक? त्या फोनमध्ये लिहिलंय ना, एक तास पन्नास. मी रोज एकदा काढून बघतो. लेक दोन तासांच्या आत आहे म्हटलं की बरं वाटतं." मग ते म्हणाले, "लिहिणारा मात्र कधी आपल्या माणसांकडे गेलेला दिसत नाही."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, ते मीच लिहिलंय."

बाबांनी चाचपडत तिचा हात शोधला.

"मग बरोबरच असेल. विमान आलं असेल तेवढ्यात," ते म्हणाले. "परतीचं किती वाजता?"

"सहाला."

"मग खूप वेळ आहे की. आधी घरी जाऊन निवांत जेवू."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बस, पन्नास किलोमीटर, रांग; म्हणजे आत्ताच निघायला हवं. या दोन शहरांचा हिशेब तिने पहिल्यांदाच बरोबर केला, आणि तो बाबांना सांगायला तिची जीभ रेटेना.