साहेबांचा आवाज

"मावशी, तुमच्या साहेबांनी आज पुन्हा अख्खी इमारत डोक्यावर घेतली!" वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंनी मावशीला जिन्यातच गाठलं. "मी फळ्यावर प्रश्न लिहिते, खालून हा किंकाळी फोडतो आणि पोरं म्हणतात, बाई, त्याला उत्तर आलं!"

मावशीला हसू फुटलं, पण ते तिने तसंच गिळलं. बाईंच्या मागे घरमालक उभे होते आणि मालक काही हसण्यातले नव्हते.

"महिनाअखेरपर्यंत बघतो," ते म्हणाले. "पोपट गप्प, नाहीतर पोपट बाहेर. तुमच्याबद्दल माझी काही तक्रार नाही हं."

साहेब म्हणजे मूठभर हिरवा जीव, पण तोरा असा, की घर त्याचं आणि मावशी त्याची भाडेकरू! नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक लांब दिली होती. ती फोन करायची, पण फोन काही खांद्यावर बसून कानाची पाळी कुरतडत नाही. ते काम साहेबाचं. आणि मावशीने कामाला जायला पिशवी उचलली रे उचलली, की हा गजांना लटकून असा टाहो फोडायचा, जणू ती कायमचीच चालली. मग मावशी अर्ध्या जिन्यातून पळत माघारी. "आले रे बाबा, आले! मेले नाही अजून!"

"तुम्ही परत येता, म्हणून तर तो ओरडतो," पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ओरडत असेल तेव्हा आत जायचं नाही. गप्प झाला, की मात्र लगेच जायचं, लाड करायचे. आधी मिनिटभरच बाहेर थांबा, मग हळूहळू वाढवा. चघळायला लाकडाचे तुकडे द्या. ही जाते पण परत येते, हे त्याला पटायला हवं. वेळ लागेल हं, मावशी. घाई नको."

वेळ कुठून आणायचा? मावशीने त्यातलं पहिलं तेवढं मनात पक्कं केलं, कारण ते तिच्या रोजच्या ओळखीचं होतं. ती वृद्धाश्रमात कामाला होती. तिथल्या खिडकीजवळच्या आजी दिवसभर "अगं, कुणी आहे का गं?" करत राहायच्या. एखादी नवी मुलगी धावली, की मोठ्या सिस्टर तिला दटावायच्या, "जाऊ नकोस. सवय लागते." आणि खरंच, थोड्या दिवसांत आजी गप्प झाल्या. गप्प झाल्यावर जायचं असतं, असं तिथे कुणी बोललं नव्हतं. गप्प झालेल्या खाटेकडे वळायला सवड होती कुणाला?

तोच कायदा मावशीने घरी लावला. दार ओढलं, कुलूप घातलं, मन घट्ट केलं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा घरात न थांबता ती बागेतल्या बाकावर जाऊन बसली. परतल्यावर पिंजऱ्याकडे न बघता थेट ओट्याशी. साहेब आधी चवताळला. मग त्याचा आवाज फाटला. मग नुसतंच अधूनमधून, कुणीतरी विचारल्यासारखं, "टी?"

आणि एक दिवस तेही थांबलं.

"काय जादू केलीत हो!" शिकवणीवाल्या बाई खूश. मालकांनीही जाता जाता मान डोलावली, "राहू दे आता त्याला."

मावशी जवळजवळ नाचतच घरात शिरली. "साहेब, जिंकलो आपण! कुठ्ठे जायचं नाही आता!" तिने पिंजऱ्याचं दार सताड उघडलं. बोट पुढे केलं.

साहेब भिंतीकडे तोंड करून बसला होता. तिने पिंजरा फिरवला, तेव्हा त्याची छाती दिसली. पीस म्हणून नव्हतं. गुलाबी कातडी, तिच्यावर रक्ताचे बारीक ठिपके, आणि तळाच्या कागदावर हिरवा ढीग. सगळं त्याच्याच चोचीने उपटलेलं.

"गप्प झाल्यावर जात होतात ना त्याच्याजवळ?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मावशी पिशवीचा बंद पिळत राहिली. "मला वाटलं... गप्प झाला म्हणजे झालं."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या, तर बरं झालं असतं. "मलम देते. पिसं येतीलही कदाचित," त्या म्हणाल्या. साहेबाच्या आवाजाचं त्या काही बोलल्या नाहीत.

आता मावशी सगळं सांगितल्याबरहुकूम करते. मिनिटभर बाहेर, लगेच आत. "आले रे, आले!" साहेब वळून बघत नाही.

आज तिने दार ओढलं आणि ती तिथेच पायरीवर बसली. वरून शिकवणीवाल्या बाई उतरल्या. "किती शहाणा झाला हो तुमचा!"

"हो ना," मावशी म्हणाली आणि त्यांना जायला वाट देण्यासाठी जरा सरकून बसली. कामावर जायची वेळ टळून गेली होती. पिशवी मांडीवर, कान दाराकडे. एकदा ओरडला असता, तर सगळे कायदे मोडून ती आत धावली असती.