रिकाम्या टबातलं विष

दवाखान्याच्या दाराशी चपलांचा नुसता खच! आत पाय ठेवायला जागा नाही, तरी कुणाची कुरकुर नाही. सगळ्यांच्या माना मधल्या खोलीकडे. तिथे दोन निळे टब, टबात मीठ घातलेलं कोमट पाणी, पाण्यात लोखंडी पट्ट्या आणि त्यांना वायरने जोडलेली लुकलुकणारी पेटी. विषहरण यंत्र म्हणे! पाय सोडून बसायचं, की पाणी आधी पिवळं, मग तांबूस, मग चक्क गटारासारखं.

"अगंबाई, एवढं सगळं माझ्या अंगात होतं?" एका आजींनी तोंडावर हात ठेवला.

"हा फेस यकृतातला," डॉक्टर चमच्याने ढवळत म्हणाले. "खाली बसलाय तो गाळ सांध्यांतला. अजून चार खेपा, मग बघा पाणी कसं निवळतं ते."

हे कुण्या बुवाने सांगितलं असतं, तर लोकांनी त्याला उभा-आडवा सोलला असता. पण हे पडले घरचे डॉक्टर! अर्ध्या गावाच्या बाळंतपणाला धावून गेलेले. त्यांना कोण काय विचारणार?

एके दुपारी फोन आला. डॉक्टरांना लहानपणी शाळेत विज्ञान शिकवलेले सर चालता चालता कोसळले होते. डॉक्टर धावत इस्पितळात पोहोचले. सरांचा उजवा हात लुळा पडला होता, तोंड वाकडं झालं होतं.

"रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या ना?" त्यांनी सरांच्या मुलीला विचारलं.

"सोडल्या बाबांनी. मागच्या खेपेला पाणी स्वच्छ आलं ना! तुम्हीच म्हणालात, आता आतून अगदी आरसा झालाय."

म्हणाले होते खरे. गर्दीच्या घाईत, हसत हसत.

सर अडखळत बोलू लागले. "मिठाच्या पाण्यात वीज... मीच शिकवलं ना रे तुला?"

"हो, सर."

"मग मला कळायला नको? दुसरा कुणी असता, तर पहिल्याच दिवशी पेटी उघडून बघितली असती. पण तू होतास. तुझ्यावर कसली शंका घ्यायची?"

सरांनी एक मुस्कटात भडकावली असती, तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं. पण हा माणूस स्वतःलाच दोष देत होता, आणि ज्याने त्याला फसवलं तो शेजारी उभा राहून मान डोलवत होता. डॉक्टरांना स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच गर्दी. डॉक्टर टबापाशी उभे राहिले.

"आज कुणीही पाय बुडवायचे नाहीत."

एका टबात त्यांनी मूठभर मीठ टाकलं, दुसऱ्यात चिमूटभर. पेटी चालू केली. थोड्याच वेळात पहिल्या टबातलं पाणी तपकिरी झालं, वर फेस आला. दुसऱ्यातलं जेमतेम पिवळसर.

"डॉक्टरांचा हात लागला ना, खोलीतलं विष ओढलं असेल!" तोंडावर हात ठेवणाऱ्या त्याच आजी म्हणाल्या.

"आजी, माझ्या हाताचं कौतुक पुरे करा हो! हा लोखंडाचा गंज आहे. मीठ जास्त, तेवढा गंज जास्त. तुमच्या पहिल्या खेपेला आम्ही मूठभर टाकायचो, शेवटच्या खेपेला चिमूट. तुमच्या अंगातलं विष नव्हतं कमी होत, आमचं मीठ कमी होत होतं."

मागून एकाने विचारलं, "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग का केलंत, डॉक्टर?"

डॉक्टरांनी पेटी बंद केली.

"पैसा मिळत होता. आणि माझ्यावर तुमचा एवढा विश्वास, की कुणी विचारतच नव्हतं. त्या विश्वासाचाच मी धंदा केला. त्यापायी सर आज इस्पितळात पडलेत. यापुढे विचारत चला. यंत्र रिकामं चालवून दाखवा म्हणा. भिंतीवर पदवी टांगलेली असली तरी म्हणा, मलाही म्हणा! पुरावा मागितल्याने खऱ्या डॉक्टरचा अपमान होत नाही. आता मला खरं सांगा. पाणी निवळलं म्हणून चालू गोळ्या कुणी कुणी सोडल्यात? हात वर करा."

खिडकीजवळ एक हात वर गेला. मग बाकावर दोन. डॉक्टर रक्तदाब मोजायचं यंत्र घ्यायला वळले, तोवर दाराबाहेर उभ्या असलेल्यांचेही हात वर जाऊ लागले होते.