मागचा दिवा

मंजुळाबाईंनी चिंबोरीच्या नांग्या तिच्या पोटाशी दाबल्या, सुतळीचा आडवा वेढा दिला आणि गाठ दातांनी आवळली. चिंबोरी टोपलीत टाकून त्यांनी पाटावर ठेवलेला उजवा पाय किंचित सरकवला. पायाला टाचेपासून घोट्यापर्यंत पट्टी होती. समोर उभ्या असलेल्या सुयोगची नजर त्या पट्टीवर गेली आणि काखेतल्या पुठ्ठ्याच्या नळीवरची त्याची पकड घट्ट झाली.

गोडदेव गावातल्या याच गल्लीत तो लहानाचा मोठा झाला. पुढे जवळच्या इंद्रलोक वसाहतीत राहायला गेला आणि चित्रकार म्हणून नावारूपाला आला. वेताळाचा छबिना, म्हणजे भुतांची मिरवणूक, मिठागराच्या बांधावरून निघतो, त्याचे टेंभे दुरून हलताना दिसतात आणि त्यांच्या मागे गेलेला माणूस परतत नाही, या लहानपणी ऐकलेल्या गोष्टींवर त्याने एक चित्रमालिका केली होती. तिच्यातले सर्वांत गाजलेले चित्र मात्र गोष्टीतून आले नव्हते. गतवर्षी दिवेलागणीला खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीतून सरकणारा उजेड त्याने स्वतः पाहिला होता, आणि तो चिंबोऱ्या धरायला निघालेल्या मंजुळाबाईंच्या कपाळावरच्या बॅटरीचा आहे हेही त्याला त्याच क्षणी कळले होते. तरी चित्राखाली त्याने लिहून दिले : ‘चित्रकाराने प्रत्यक्ष पाहिलेला, उगम न उमगलेला प्रकाश.’ वाक्य असत्य होते. पण डौलदार होते, आणि डौलाला त्याने त्या वेळी सत्याहून वरचे आसन दिले.

ते चित्र मोबाइलवरून घरोघर पोहोचले. हौशी मंडळी भूत पाहायला बांधावर जमू लागली. तिवरांत उजेड दिसला की शिट्ट्या, आरोळ्या, क्वचित एखादा दगड. मंजुळाबाईंनी बॅटरी बांधणेच सोडले, आणि अंधारात चिखल तुडवताना त्यांचा पाय कालवांच्या शिंपल्यांच्या धारेवर पडला. त्यांच्या सुनेने, विनिताने, हे त्याला सांगितले. कसलाही दोष न देता सांगितले, म्हणूनच ते त्याला अधिक लागले.

“मावशी, ते चित्र मी काढलंय.”

“म्हायती हाय. विनितानं दावलं.” त्यांनी दुसरी चिंबोरी उचलली. “भूत म्हनून मना काढलास. आदी सांगितलं असतंस तर जरा पावडर लावून गेले असते.”

सुयोगला हसता आले नाही.

“तो दिवा तुमचा आहे हे मला ठाऊक होतं. तरी मी खोटं लिहिलं. तुमचा पाय...”

“पाय कालवांनी कापला, तू न्हाय. दाव ते चित्र. मोबाइलमदी काय दिसतंय?”

त्याने नळीतली मोठी प्रत उलगडली. मंजुळाबाईंनी पदराला हात पुसले आणि कागदाच्या एका कोपऱ्यावर तराजूचे वजन ठेवले. बराच वेळ त्या पाहत राहिल्या. मग त्यांचे बोट कागदावरून हळूहळू फिरत गेले. पुढच्या शुभ्र दिव्यापाशी ते थांबलेच नाही. त्याच्या मागे, जरा खाली, एक पिवळसर ठिपका होता. बोट तिथे टेकले.

“यो कोन?”

तो कोपरा रिता दिसत होता, चित्राचा तोल जात होता. म्हणून जाता जाता सुयोगने तिथे कुंचला टेकवला होता. इतकेच.

“पिवला हाय,” मंजुळाबाई स्वतःशीच म्हणाल्या. “बबनला ती डोक्याची बॅटरी कदी रुचली न्हाय. कंदीलच घेई. आन् चाले नेहमी मागनं. पुढं हो म्हटलं तर म्हने, तू पडलीस तर उचलनार कोन?”

बबन त्यांचा नवरा. त्याला जाऊन दोन पावसाळे उलटले होते. त्याच्या अंत्ययात्रेला सुयोग गेला होता. कुंचला टेकवताना ते त्याच्या मनातही आले नव्हते.

“तुला दिसला त्यो?”

तोल, रिता कोपरा, रंगांचा विरोध : सगळे शब्द ओठांशी आले आणि त्या बोटापुढे एकही उभा राहू शकला नाही.

“दिसला,” तो म्हणाला.

मंजुळाबाईंनी मान हलवली.

“मंग बॅटरीची गरज काय? उगाच भ्याले. पाय बरा झाला का जाते तशीच, अंधारात. त्यो हाय मागं.”

पहिल्या असत्याने पाय कापला होता; हे दुसरे त्यांना पुन्हा अंधारात धाडत होते.

“तसं करू नका, मावशी.” तो खाली उकिडवा बसला. “तुमचा दिवा पेटलेला होता, म्हणून तो मागे होता. तुमचा उजेड बघूनच तो चालत होता. तुम्हीच अंधारात गेलात, तर त्याने कुणाच्या मागे यायचं?”

त्यांनी त्याच्याकडे टक लावून पाहिले. मग आतल्या दिशेने हाक मारून विनिताला बॅटरी आणायला सांगितली.

चित्राखाली आता खरे लिहू का, असे त्याने विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “लिव की. दिवा माजाच हाय. दगडं तरी पडायची न्हाईत.”

त्याने तिथूनच आपल्या चित्रप्रदर्शनाच्या संयोजक सुचेताबाईंना फोन लावला आणि शब्द सांगितले : ‘हा प्रकाश गोडदेवच्या मंजुळाबाईंच्या बॅटरीचा आहे. त्या खाडीत चिंबोऱ्या धरतात.’ सुचेताबाईंनी हरकत घेतली. असे लिहिल्यावर चित्रात गूढ काय उरेल, म्हणून वाद घातला. तो मागे हटला नाही. अखेर त्यांनी लिहून घेतले.

“पण दिवे दोन आहेत,” त्या म्हणाल्या. “दुसरा कुणाचा?”

विनिताने बॅटरी आणून दिली होती. मंजुळाबाईंनी तिचा पट्टा कपाळावर चढवला, भर उन्हात बटण दाबले आणि मान वळवून मागे पाहिले.

“दुसऱ्याविषयी,” सुयोग आवाज खाली आणत म्हणाला, “काही लिहू नका.”